बडेबाबूंचं पुस्तक

किसनराव उमाट्यांनी पुस्तक लिहिलं, इथपर्यंत कोणाची काही तक्रार नव्हती. आपल्या घरात, आपल्या टाकानं, आपल्या कागदावर माणूस काय लिहितो याच्याशी जगाला काही देणंघेणं नसतं. भानगड सुरू होते ती लिहिलेलं दुसऱ्यानं वाचावं असं वाटायला लागलं की. आणि हा दुसरा आपल्याच कचेरीत, समोरच्याच टेबलाशी बसत असेल, तर मग विचारूच नका.

ही कचेरी वर्ध्यात होती आणि सरकारी होती. याहून जास्त ओळख देण्यात अर्थ नाही, कारण त्या काळच्या सगळ्या कचेऱ्या सारख्याच दिसत: भिंतींना पिवळा रंग, वर न चालणारा पंखा, आणि खाली पंख्याकडे बघत बसलेले कारकून. किसनराव आर्वीहून बदलून इथं आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्यात ते सरळपणाबद्दल बदनाम झाले होते. सरकारी दौतीत टाक बुडवून त्यांनी कधी खासगी पत्र लिहिलं नाही. जामकडच्या एका शेतकऱ्यानं एकदा त्यांच्या दारात सीताफळांची टोपली ठेवली, तर ती डोक्यावर घेऊन हे मोटारस्टँडपर्यंत धावत गेले आणि चालत्या मोटारीत त्याच्या मांडीवर टोपली ठेवून आले. त्या धावपळीत दोन सीताफळं रस्त्यावर फुटली, तर त्याची चुटपुट त्यांना महिनाभर लागून होती.

पुस्तक त्यांच्या मुलीवर होतं. तिचं नाव गुलाब. बावन्न सालच्या निवडणुकीत किसनरावांची नेमणूक रोहण्याच्या मतदान केंद्रावर झाली. चौथ्या दिवशी दुपारी ते आर्वीला परतले तेव्हा अंगणात शेजारचे लोक उभे होते आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. गुलाब आठ वर्षांची होती. त्यानंतर चार वर्षं रोज सकाळी, आंघोळीच्या आधी, किसनराव एक पान लिहायचे आणि बहुतेक वेळा तेच पान फाडायचे. उरली ती चौसष्ट पानं. वर्ध्यात हे कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

सरकारी नोकराला पुस्तक छापायचं तर परवानगी लागते. किसनरावांनी पंचावन्न सालच्या अखेरीस, लिहिणं संपत आलं तेव्हा, योग्य मार्गानं नागपूरला अर्ज केला. तिकडून विचारणा आली की पुस्तकात राजकारण आहे काय. यांनी लिहिलं, नाही. मग विचारणा आली की त्यात सरकारी गुपितं आहेत काय. यांनी दोन दिवस विचार करून लिहिलं, नाही. तिसरी विचारणा आली की मग पुस्तकात आहे तरी काय. यावर ते बराच वेळ कोऱ्या कागदासमोर बसले आणि शेवटी एकच शब्द लिहिला: कौटुंबिक. या शब्दावर वरच्या कचेरीचं बहुधा समाधान झालं, किंवा कोणी तो वाचलाच नाही. कारण त्यानंतर काही उत्तर आलं नाही.

शेजारी भैय्याजी राहत. ते पोस्टातून निवृत्त झाले होते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवल्यामुळे कोणाच्या मनात काय आहे ते आपल्याला पाकीट न फोडता कळतं अशी त्यांची समजूत होती. ते म्हणाले, अर्ज केला म्हणजे परवानगी मागतली. मागतली म्हणजे लपवलं नाही. आणि सरकारनं नाही म्हटलं नाही म्हणजे हो म्हटलं. किसनरावांना हा युक्तिवाद पटला नाही, पण त्यातला शेवट त्यांना हवा होता.

छापखाना गावातलाच होता. मालक स्वतः खिळे जुळवत आणि स्वतःला व्याकरणातले जाणकार समजत. आतल्या पानांची मुद्रितं किसनरावांनी तीनदा तपासली. मुखपृष्ठ मात्र शेवटच्या दिवशी, लाल शाईचं दुसरं काम निघालं तेव्हा त्याच्यासोबत छापून झालं. किसनराव गठ्ठे आणायला गेले तर वर लग्नपत्रिकांसाठी ठेवलेला गुलाबाच्या फुलाचा ठसा, आणि खाली ठळक अक्षरात: आमचा गुलाब.

किसनरावांनी लिहून दिलं होतं, आमची गुलाब.

मालक म्हणाले, "गुलाब पुल्लिंगी आहे जी. तुमच्या हातून चूक झालती, ती आम्ही सुधारली. त्याचं जास्तीचं काही लावलं नाही."

 ती चूक नव्हती हे सांगायचं तर किसनरावांना मुलीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि छापखान्यात, लाल शाईच्या वासात, ते त्यांच्या तोंडातून निघेना. तीनशे प्रती त्यांनी छकड्यात घालून घरी आणल्या.

उपाय काढला तो त्यांच्या पत्नीनं, जिजाबाईंनी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काय बिघडलं ते त्यांनी विचारून घेतलं, आणि 'चा'च्या डोक्यावर एक लहानशी कमान काढली की मुलीचं नाव ठीक होतं एवढं समजल्यावर म्हणाल्या, "मंग काढू ना. कमानच तं काढाची आहे." पंधरा दिवस दुपारी त्या टाक घेऊन बसल्या. पहिल्या दहा-बारा कमाना बैलाच्या शिंगासारख्या झाल्या, मग हात बसला. आयुष्यात त्यांनी काढलेलं हे एकच अक्षर, आणि तेही वरचं अर्धं. मुखपृष्ठावरच्या फुलाचं मात्र काही करता आलं नाही.

आता प्रश्न आला तो वाचकांचा. पुस्तकाच्या दुकानदारानं सांगितलं की शाळेत लागलेलं पुस्तक असेल तर ठेवतो. तीनशे प्रती खाटेखाली गेल्या आणि खाट एका बाजूनं उंच झाली. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. यशोदाबाई नावाच्या समोरच्या बाई म्हणाल्या, लग्नात आहेर म्हणून द्या. कोणी म्हणालं, साहित्य संमेलनाला पाठवा. भैय्याजी म्हणाले, "तुमच्या कचेरीत चौदा मानसं शिकलेले बसून राह्यले आन् तुम्ही वाचक शोधाले गावभर फिरून राह्यले?"

हे किसनरावांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण बरोबरच्या माणसाला आपलं पुस्तक विकणं हे त्यांना सीताफळांच्या टोपलीसारखंच वाटत होतं, फक्त टोपली उलट्या दिशेनं चाललेली. आठवडाभर विचार करून त्यांनी स्वतःसाठी काही नियम केले. पुस्तक टेबलावर ठेवायचं, पण पुढं करायचं नाही. मधल्या सुट्टीतच ठेवायचं. घे म्हणायचं नाही. कोणी हात लावला तर खिडकीबाहेर बघायचं, म्हणजे त्याला संकोच वाटणार नाही. हे नियम त्यांनी दोन महिने काटेकोर पाळले, आणि दोन महिन्यांत खिडकीबाहेरचा कडुनिंब त्यांच्या चांगला ओळखीचा झाला. कारण पुस्तकाला हात लावला तो एकट्या रामाजी चपराशानं, आणि तोही धूळ झटकायला.

मग छप्पन सालच्या पावसाळ्यात कचेरीतले बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, दमा उठून लांबच्या रजेवर गेले आणि साहेबांनी त्यांच्या जागी किसनरावांना बसवलं. हंगामीच, पण रजेचे अर्ज, वेतनवाढीचे शेरे, बदलीच्या शिफारशी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायला लागलं.

आणि पुस्तक खपायला लागलं.

पहिल्या आठवड्यात सहा. दुसऱ्या आठवड्यात बाबाराव, जे नकला विभागात होते आणि हाडाचे कंजूष होते, त्यांनी दोन घेतली; एक घरी आणि एक सासुरवाडीला. आवक-जावक पाहणारे महादेवराव पुस्तक घेताना दोन्ही हात पुढं करून वाकले. रामाजीला वाचता येत नव्हतं, तरी त्यानंही एक मागितलं. किसनरावांनी ते त्याच्या जावयासाठी असेल असं स्वतःला सांगितलं. एवढं सगळं एकाएकी कसं झालं, हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असता तर किसनरावांनी पाच मिनिटांत सोडवला असता. पण लेखकाला आपल्या पुस्तकाच्या खपाचं कारण एकच दिसतं. त्यांना वाटलं, एकानं वाचलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं.

ते बदलले. चालताना पाठ सरळ झाली. खिडकीबाहेर बघायचं त्यांनी सोडून दिलं. आतल्या पानावर ते "स्नेहपूर्वक" असं लिहून सही करायला लागले, आणि येता-जाता विचारायला लागले, "कुठवर आलात?" या प्रश्नानं कचेरीत हाहाकार उडाला. माणसं त्यांना पाहून पाण्याच्या माठाकडे वळत. त्या महिन्यात माठ दिवसातून तीनदा भरावा लागला, असं रामाजी सांगे. बाबाराव धीट, ते म्हणाले, भाषा फार फुललेली आहे. महादेवराव म्हणाले, "कलमाबद्दल फारच सुंदर." किसनरावांना भरून आलं. आपल्या लेखणीला असं कोणी म्हणेल हे त्यांना वाटलं नव्हतं. महादेवराव झाडाला बांधायच्या कलमाबद्दल बोलत होते, हे त्यांना कळायला दोन महिने लागले.

कवडू थूल हा कनिष्ठ कारकून त्यांचा आवडता होता. पिपरी मेघ्याहून तो सायकलीनं येई. अक्षर मोत्यासारखं, आणि कामात खाडाखोड नाही. दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी तो आला, न बोलता पुस्तक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज ठेवला. नागपूरला दीक्षेला जायचं होतं. किसनरावांनी तिथल्या तिथं शिफारस लिहिली. तसाही त्यांनी ती लिहिलीच असती.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीतल्या माणसांना काही हललेलं जाणवलं नाही, पण फायली हलल्या. काही मुंबईला गेल्या, काही भोपाळला, आणि काही अशा ठिकाणी गेल्या की त्यांचा पत्ता भैय्याजींनाही सांगता आला नसता. किसनरावांचा परवानगीचा अर्ज या तिसऱ्या प्रकारात गेला. आणि बरोबर दुसऱ्या आठवड्यात साहेबांच्या नावे एक निनावी तक्रार आली: हंगामी बडेबाबू आपल्या हुद्द्याचा धाक घालून हाताखालच्या माणसांना पुस्तकं विकतात.

टपाल फोडणं हे बडेबाबूंचं काम. तेव्हा ही तक्रार किसनरावांनीच फोडली, किसनरावांनीच तिला क्रमांक दिला आणि किसनरावांनीच ती साहेबांपुढं ठेवली. अक्षर डाव्या हातानं काढलेलं होतं, पण 'ळ'ला तसा झोका घालणारा माणूस कचेरीत एकच होता, आणि त्यानं दोन प्रती घेतल्या होत्या. किसनरावांनी ते कोणाला सांगितलं नाही. निनावी अर्ज हा निनावीच धरावा असा नियम होता.

राज्याबरोबर साहेबही बदलले होते; नवे साहेब तरुण होते, नागपूरहून आलेले. त्यांनी खुलासा मागवा म्हणून शेरा मारला. खुलासा मागवण्याचा मसुदा करणं हेही बडेबाबूंचं काम. किसनरावांनी स्वतःला नोटीस लिहिली: आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये याचे कारण सात दिवसांत लेखी कळवावे. लिहून झाल्यावर भाषा जरा कडक झाली असं त्यांना वाटलं, पण आपल्यासाठी सवलत नको म्हणून तशीच राहू दिली. मग त्यांनी ती स्वतःला दिली, पोच म्हणून सही केली, आणि घरी जाऊन दोन दिवस जेवले नाहीत.

चौकशीच्या दिवशी साहेबांच्या खोलीत त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. जबान्या संपेपर्यंत बोलायचं नाही असं बजावलं. जबान्या लिहून घ्यायला बाबाराव बसले होते. अक्षर चांगलं म्हणून. साहेब प्रत्येकाला दोन गोष्टी विचारत होते. पुस्तक खुशीनं घेतलं काय? आणि पुस्तक कशावर आहे?

महादेवराव म्हणाले, खुशीनंच. पुस्तक गुलाबाच्या लागवडीवर आहे, माहिती फार उपयोगी आहे, आपण त्यात वाचूनच दारापुढं दोन झाडं लावली. किसनराव खुर्चीत पुढं सरकले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते मागं झाले. पुढचे म्हणाले, खुशीनं. अत्तरं आणि गुलकंद यावर आहे. त्यापुढचे म्हणाले, देशभक्तीवर, गुलाब हे प्रतीक आहे. एकानं सांगितलं की काव्य आहे आणि ते मोठ्यानं म्हणायला बरं वाटतं. रामाजी म्हणाला, "मले वाचता नाई येत, साहेब. पन बडेबाबूचं पुस्तक घरी असावं म्हनून घेतलं. खुशीनं." आणि मग, प्रश्न उरलाय हे ध्यानात येऊन, "फुलावर आहे जी. चित्र आहे ना वरतं."

साहेबांनी टेबलावरची प्रत उचलून उलटून पाहिली. त्या काळी पुस्तकांची पानं जोडलेली येत, सुरीनं कापून घ्यावी लागत. ही प्रत महादेवरावांनी पुरावा म्हणून आणली होती. एकही पान कापलेलं नव्हतं.

 नोकरीची भीती किसनरावांना सकाळपासून होती. ती आता कुठं गेली ते कळेना. चौदा घरांत आपण गुलाबला आपल्या हातानं पोचवलं, आणि एकाही घरात तिच्या तोंडावरचं कोणी पांघरूण काढलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. उठून सांगावं की ती फूल नव्हती. पण बोलायची परवानगी नव्हती.

शेवटी कवडू आला. खुशीनं घेतलं काय, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "नाही साहेब. भ्यालो म्हणून घेतलं. मला रजा पाहिजे होती. रजा मिळाली नसती तर मी जन्मभर हळहळलो असतो. सगळे घेत होते, म्हणून मीही घेतलं."

बाबारावांचा टाक थांबला. किसनरावांना वाटलं, कोणीतरी आपल्या थोबाडीत मारली, आणि मारणारा बरोबर होता.

"बडेबाबूंनी घे म्हटलं होतं?"

"नाही. त्यांनी कधीच म्हटलं नाही."

"पुस्तक कशावर आहे?"

"यांची मुलगी वारली, साहेब," कवडू म्हणाला. "आठ वर्षांची. गुलाब नाव होतं. तिच्यावर आहे."

 साहेबांनी प्रत टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलून सरळ ठेवली. महादेवराव दाराशी उभे होते, ते तसेच मागच्या मागं बाहेर गेले. किसनरावांना बोलायची परवानगी मिळाली तेव्हा ते एवढंच म्हणाले की तक्रार खरी आहे.

साहेब भला माणूस होता, पण परवानगीचा कागद सापडत नव्हता, आणि भलेपणाला फाईल लागते. हुकूम निघाला. सदरहू कर्मचाऱ्यास ताकीद देऊन मूळ जागी परत पाठवण्यात येत आहे. सदरहू पुस्तके सदरहू कर्मचाऱ्याने सदरहू खरेदीदारांकडून परत घ्यावी. बडेबाबूंच्या खुर्चीवर बाबाराव बसले. किसनराव खिडकीपाशी आले.

पुढचे काही दिवस कचेरी सुटल्यावर, आणि मग रविवारी दिवसभर, ते पिशवी आणि परत द्यायचे पैसे घेऊन घरोघर हिंडले. माणसाला आपलं पुस्तक विकताना जेवढं अवघडल्यासारखं होतं, त्याच्या दसपट ते परत मागताना होतं. एका घरी ते पाटाखाली लावलेलं होतं, आणि ते काढताच पाट डगमगायला लागला तेव्हा किसनरावांनी ओशाळून त्याजागी खपटाचा तुकडा लावून दिला. एका घरी वरच्या कागदावर दुधाचा हिशेब होता. महादेवरावांनी दार उघडलं आणि आत बोलावलंच नाही, दारापुढच्या दोन रोपांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो." किसनराव म्हणाले, झाडं चांगली लागली आहेत. रामाजीनं पुस्तक ट्रंकेच्या तळातून काढलं. बायकोच्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळलेलं, आल्यापासून तसंच. ते देताना त्यानं विचारलं, आपल्या हातून काही चुकलं काय. किसनरावांनी ते पुन्हा लुगड्यात गुंडाळून त्याच्या हाती ठेवलं. हुकूम त्यांनी मोडला तो एवढाच, असं त्यांना वाटत होतं.

शेवटचं घर कवडूचं. पिपरी मेघ्याला ते पायी गेले. कवडूनं खाट टाकली. त्याची आई अनुसयाबाई आतून चहा घेऊन आल्या आणि कप खाटेवर ठेवून जरा लांब उभ्या राहिल्या, हा घेतो की नाही ते बघत. किसनरावांनी चहा घेतला. आपण तो घेतला याची आपल्याच मनात नोंद झाली, याचीही त्यांना लाज वाटली.

"माझ्यावर राग असेल तुमचा," कवडू म्हणाला.

किसनराव म्हणाले की राग नाही, पण एक विचारायचं आहे. बाकी तेरा जण खुशीनं म्हणाले. त्यालाही तसं म्हणता आलं असतं.

"दीक्षा घेतली तेव्हा खोटं बोलणार नाही असं म्हटलं होतं," कवडू म्हणाला. "एकच महिना झालता, बाबूजी. इतक्या लवकर मोडवेना."

किसनरावांनी मान हलवली आणि हुकुमाप्रमाणे पुस्तक मागितलं. कवडूनं ते आणलं, पण हातात धरून ठेवलं. सगळी पानं कापलेली होती, कडा मळल्या होत्या. "तेव्हा भ्यालो म्हणून घेतलं," तो म्हणाला. "आता नाही देत."

मग अनुसयाबाई पुढं आल्या. "यानं मले सारं वाचून दाखवलं जी," त्या म्हणाल्या. "दोन दिवस लागले. बाप आहे त्याच्यात, लेकरू आहे, डाक्टर आहे, बैलगाडी आहे. तुमी रोहण्याहून कसे धावत आले थे बी आहे. माय कुठी आहे?"

किसनराव म्हणाले, आहे की. बाराव्या पानावर आहे.

"पानी घेऊन येते अन् जाते. मी इचारून राह्यली, तीन दिवस लेकरापाशी कोन होतं? तुमी तं नोयते."

 किसनराव उठले, नमस्कार केला आणि पिशवी घेऊन परत चालायला लागले. वाटेत उन्हं उतरायला अजून बराच वेळ होता.

जिजाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. किसनरावांनी पिशवी ओट्यावर ठेवली, त्यातली एक प्रत घेतली, सुरी आणली आणि त्यांच्या शेजारी खाली बसून पानं कापायला लागले. मग म्हणाले, "वाचून दाखवू?"

जिजाबाईंनी वर पाहिलं. चार वर्षं लिहिणं चाललं, छापणं झालं, कचेरीभर झालं, आणि हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "वाचा," त्या म्हणाल्या.

किसनरावांनी तिसरं प्रकरण काढलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी सतरा वेळा लिहून फाडलं होतं. "दुसऱ्या दिवशी ताप चढला," त्यांनी वाचलं. "ती सारखी दाराकडे बघून विचारत होती, बाबा कधी येणार?"

सुपातला हात थांबला.

"असं नाई म्हने ती," जिजाबाई म्हणाल्या.

 ते वाक्य किसनरावांनीच केलं होतं. चार वर्षांत ते त्यांना इतकं ऐकू आलं होतं की आपण तिथं नव्हतो हेच ते विसरले होते.

"तुमचं नावच नाई घेतलं तिनं," जिजाबाई तांदळाकडे बघत म्हणाल्या. "बोरं मागे. शेजारच्या मीराबाईनं ओंजळभर आनून देल्ली होती. म्या शिक्यात ठेवली. खोकला होता तिले, म्हनून नाई देल्ली. म्हटलं, बरी झाली का देईन. खाटेवरून दिसत होती तिले थे." त्यांनी तांदळातला एक खडा काढून टाकला. "दिवसभर पाहे शिक्याकडे."

किसनरावांनी पुस्तक मिटलं. आपण तेव्हा रोहण्याला होतो एवढंच ते पाच वर्षं धरून बसले होते, आणि तेवढीच वर्षं ही बाई, घर बदललं तरी, त्याच शिक्याखाली स्वयंपाक करत होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. खोकल्यात बोरं कोणीच दिली नसती, असं काही. पण ते बोलले नाहीत, कारण त्या अजून थांबल्या नव्हत्या असं त्यांना वाटलं.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

जिजाबाईंनी सूप बाजूला सारलं. पदरानं हात पुसले.

"पह्यल्या दिवशी तं भाकर खाल्ली तिनं," त्या म्हणाल्या. "अर्धी."